गच्चीवरचा गोळीबार

गव्हाचा चीक शिजायला लागला की घरभर एक जड, आंबूस वास भरतो. काही बायकांना तो वास आला की माहेर आठवतं. मी घड्याळ बघते. चीक काचेसारखा दिसायला लागला की पातेलं उचलायचं, सोऱ्या घ्यायचा आणि जिना चढायचा. ऊन चढायच्या आत पहिली चादर कुरडयांनी भरली पाहिजे. उशीर झाला तर चीक घट्ट होतो, सोऱ्या फिरत नाही आणि दंड भरून येतात.

यंदाही मे आला. शाळेला सुट्टी लागली. बोरिवली पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर चादरी पडल्या, त्यांच्या कोपऱ्यांवर विटांचे तुकडे आले. गावाहून कोकमाचे रातांबे आले, त्यांची सोलं मिठाच्या पाण्यात बुडवून ताटांत पसरली. मधोमध बांबूला एक मोडकी काळी छत्री उलटी टांगली. ती लांबून मेलेल्या कावळ्यासारखी दिसते आणि बाकीचे कावळे घाबरून येत नाहीत, असं आमच्या गावी मानतात. गावच्या कावळ्यांना वाटतही असेल तसं. बोरिवलीच्या कावळ्यांना ती छत्री वाटते. ते तिच्यावर बसतात.

मी आठवणी काढत बसणारी बाई नाही. पण एक मे महिना असा आहे, तीन वर्षांपूर्वीचा, की चिकाचा वास आला रे आला की तो माझ्याआधी जिना चढून वर जाऊन बसतो. त्या महिन्यानं मला धक्क्यावर धक्के दिले. मी पी.टी.ची शिक्षिका. मुलं झाडावरून पडतात, एकमेकांची डोकी फोडतात, दात हातात घेऊन येतात. मी घाबरत नाही. पण त्या महिन्यात मी किती वेळा तोंड उघडं टाकून उभी राहिले, ते मलाच खरं वाटत नाही.

आमच्या गच्चीचा एक जुना नियम आहे. ज्या बाईचा आवाज सगळ्यांत मोठा, तिनं राखण करायची. बाकीच्यांनी तिचं वाळवण घालून द्यायचं. नियम कोणी केला माहीत नाही, पण मी या इमारतीत सून म्हणून आले त्या पहिल्याच मे महिन्यात तो मला लागू झाला. मैदानाच्या या टोकाला दिलेलं ‘सावधान’ त्या टोकाला पोचलं पाहिजे, हे माझं काम. मला माईक कधी लागला नाही. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या मेपर्यंत पोह्याचा एक पापड मी लाटलेला नव्हता. मी फक्त माझ्या कुरडया घालते, कारण सोऱ्या फिरवायला जोर लागतो आणि तो माझ्या दंडात आहे. बाकी सगळं मला आयतं मिळायचं.

तळमजल्यावरची फ्लोरी इथल्याच जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन. वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या तिच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या गच्चीचा एक कोपरा लालभडक करून टाकतात. ती म्हणायची, “सुनंदा, तू फक्त बोंबल गो. तुझ्या मिरच्या पण मीच पलटते.”

आणि मी बोंबलायची. आधी साधं ‘हाड् हाड्’. त्यानं कबुतरं उडतात. कावळ्याला त्याहून जास्त लागतं. माझी आई मालवणची. तिची भाषा मला एरवी बोलता येत नाही. कावळा दिसला की येते. “हाड् रे मेल्या! शिरां पडो तुझ्या तोंडार! तुझ्या बापाशीन वाळत घातल्यान काय?” समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत यायचे. इमारतीमागच्या राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीतली माकडं कुंपणावर येऊन बसायची आणि विचारात पडायची.

तर त्या मे महिन्यातला पहिला धक्का.

शर्वरी माझी एकुलती एक मुलगी. कम्प्युटर इंजिनीअर. अंधेरीला एका छोट्या कंपनीत जायची. काय करतेस विचारलं की म्हणायची, सॉफ्टवेअर. मी बँकेचं समजून चालले होते. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर आली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली.

“आई, जरा इथे ये. आणि ओरडू नकोस. आधी नीट बघ.”

मी बघितलं. पडद्यावर गच्ची होती. आमचीच. तीच टाकी, तोच वाकडा बांबू, तीच उलटी छत्री. चादरीवर कुरडया. वरून एक कावळा आला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्याच्यामागे कबुतरांची पलटण, छातीवर पट्टे बांधलेली. मग पडद्याच्या खालच्या बाजूनं दोन हात वर आले. त्या हातांत सोऱ्या होता, मशीनगनसारखा धरलेला. मूठ गरागरा फिरली आणि सोऱ्यातून चिकाच्या गोळ्या सुटल्या. कावळ्याला गोळी लागली, तो खाली आपटला आणि डोक्यावर कुरडई घेऊन, डोळे फिरवत बसून राहिला. एका कबुतराला चप्पल बसली. दुसऱ्याच्या दिशेनं लाटणं गेलं आणि पलटणभर फिरून परत हातात आलं.

“हे काय आहे?”

“गेम. शूटर गेम. खेळणारा हिच्या डोळ्यांतून बघतो. म्हणून ही बाई दिसत नाही, तिचे फक्त हात दिसतात.”

“चीक वाया घालवतेय ती.”

“आई!”

“आणि हे तू करतेस? ऑफिसात? दिवसभर?”

“किती दिवस झाले. ही माझी कल्पना आहे. सगळ्यांना आवडली.”

“स्थळांना मी बँकेचं सॉफ्टवेअर सांगून ठेवलंय.”

“बरं झालं. म्हणून कोणी आलं नाही. झकास.”

मी काहीतरी कडक बोलणार होते. तेवढ्यात पडद्यावरच्या त्या हातांनी सोऱ्यात नवा चीक भरायला घेतला आणि ते अगदी जवळून दिसले.

डाव्या मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला. पी.टी. शिकवणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी घड्याळ तसं घालतो; शिट्टी तोंडात धरली की मनगट आपोआप डोळ्यांसमोर येतं. उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा चट्टा होता. तो चिकाचाच, उकळता चीक अंगावर उडाला तर चिकटतो आणि सोलून निघतो. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. कॉलेजात व्हॉलीबॉल लागून मोडली होती, मी नीट बांधली नाही.

“हे माझे हात आहेत,” मी म्हणाले.

“मग कोणाचे असणार?” शर्वरी म्हणाली.

तिनं हे असं म्हटलं की जणू मीच काहीतरी बावळट विचारलं. आपण आपला चेहरा आरशात बघतो, फोटोत बघतो, पण हातांकडे कोण बघतं? ते सारखे समोर असतात, म्हणून दिसत नाहीत. मी गच्चीवर राखण करत असताना ही मुलगी टाकीच्या सावलीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. मी तिला किती वेळा म्हटलं असेन की डोळे फुटतील. ती मोबाइल बघतच नव्हती. ती माझी करंगळी बघत होती.

“नखं कापायला हवी होती तिनं,” एवढंच मला सुचलं.

मग शर्वरीनं आवाज चालू केला. पडद्यातली बाई, म्हणजे मी, गोड, स्वच्छ, रेडिओवरच्या निवेदिकेसारख्या आवाजात म्हणाली, “अरे कावळ्यांनो! दूर व्हा इथून!”

मिरच्या पलटणारी फ्लोरी लांबून म्हणाली, “ही कोण बया? कावळ्यांना चहाला बोलवते?”

“तेच तर ना आंटी,” शर्वरी म्हणाली. “एक प्रोफेशनल आर्टिस्ट घेतली. तिला ओरडता येत नाही. आई, तुझा आवाज दे ना.”

मी नाही म्हणाले. एकदा नव्हे, आठवडाभर म्हणत राहिले. मी कारणही दिलं आणि ते खरं होतं. शाळेतली मुलं हा खेळ खेळणार. बाईंचा आवाज ओळखणार. बाईंच्या मालवणी शिव्या पाठ करणार. मग मैदानात मी ‘सावधान’ म्हटलं की रांगेतून कोणीतरी ‘हाड् रे मेल्या’ म्हणणार. माझ्याकडे फळा नाही, खडू नाही, मार्कांची भीती नाही. मैदानात माझ्याकडे फक्त आवाज आहे. तो एकदा हसण्यावारी गेला की मी संपले.

“आई, आवाज दिला म्हणून संपत नाही,” शर्वरी म्हणाली.

दुसरा धक्का फ्लोरीनं दिला, आणि तोही मिरच्या पलटता पलटता.

“सुनंदा, इकडे बघ. मान वर कर. तुझं मंगळसूत्र एका बाजूला का बसतं गो?”

मी मंगळसूत्र सरळ केलं. ते पुन्हा डावीकडे सरकलं. फ्लोरीनं मिरचीचे हात पदराला पुसले आणि दोन बोटांनी माझा गळा चाचपला. गळ्याला मिरची लागून आग आग झाली आणि त्या आगीच्या मधोमध एक गोटी लागली. बोराएवढी नव्हे, चांगली लिंबाएवढी. इतके दिवस मी रोज आरशासमोर उभी राहून वेणी घालत होते आणि मला ती दिसली नव्हती.

तपासण्या झाल्या. शर्वरी बरोबर आली. डॉक्टर मध्यमवयीन, बोलायला साधे. थायरॉइडची गाठ आहे, वाईट दिसत नाही, पण काढावी लागेल, म्हणाले. मी लगेच म्हटलं, सुट्टीतच काढा, शाळा उघडायच्या आत, म्हणजे रजा पडणार नाही. ते हसले. मग म्हणाले, “आवाजाची नस अगदी मागून जाते. गाठ तिला चिकटलेली दिसतेय. आम्ही जपूच. पण शब्द देत नाही. तुम्ही काम काय करता?”

“पी.टी. शिकवते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बोलता येईल ना?” मी विचारलं.

“बोलता बहुतेक येईल.”

“ओरडता?”

या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे न बघता शर्वरीकडे बघितलं. तेवढ्यावर मला कळलं. बाहेर आलो तर रिक्षावाला मीटर पाडून थांबलेला. मी सवयीनं लांबूनच ओरडले, “आले रे!” आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. इतकी वर्षं तो घशात होता. त्याला काही होऊ शकतं, हे डोक्यातच कधी आलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “चला, आता घरात शांतता.” मग भर दुपारी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसला. सकाळी घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी तयार होऊन समोर आली. “आई, चल. आज स्टुडिओत जाऊ. रेकॉर्डिंग करू.”

माझा कानांवर विश्वास बसेना. आईच्या गळ्यावर सुरी चालणार आणि हिला गेम सुचतोय!

“तुला लाज नाही वाटत?”

“नाही वाटत,” ती म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. तो तिनं माझ्याकडून घेतलाय. “ऑपरेशनच्या आधीचे थोडेच दिवस आहेत. चप्पल घाल.”

मी तिला खूप बोलले. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला लागले आणि भांडी लावता लावता डोकं ठिकाणावर आलं. मिक्सर दुरुस्तीला द्यायचा असेल आणि तो अजून चालत असेल, तर आपण काय करतो? चटणी, मसाला, इडलीचं पीठ, जे वाटायचं ते सगळं आधी वाटून घेतो. परत येईल तेव्हा कसा येईल, कोण सांगणार? मुलीनं काही चुकीचं म्हटलं नव्हतं. मी चप्पल घातली.

अंधेरीतली ती खोली मी विसरणार नाही. भिंतींना फोम लावलेला. दार लावलं की कानांना दडे बसल्यासारखं होतं. आपण बोलावं तर शब्द तोंडाबाहेर पडून तिथेच विरतो. कुठे जाऊन आदळत नाही, परत येत नाही. मी पूर्ण जोर लावून ‘हाड्’ म्हटलं. हेडफोन लावलेली मुलगी काचेपलीकडून म्हणाली, “मॅडम, एनर्जी थोडी कमी पडतेय.”

माझी! एनर्जी!

“समोर कावळा नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर कावळ्याचा फोटो काढून समोर धरला. मी त्या फोटोकडे बघितलं, त्या मुलीकडे बघितलं. फोटोवर ओरडायला मी काय वेडी आहे? कावळा माझ्या कुरडईकडे बघतोय, मान तिरकी करतोय, एक पाऊल पुढे टाकतोय. तेव्हा पोटातून आवाज निघतो. तो आपण काढत नाही, कावळा काढून घेतो. शर्वरीला ते लगेच पटलं. तिनं सगळं सामान गुंडाळलं आणि आम्ही बोरिवलीला परत आलो.

मग गच्चीवर रेकॉर्डिंग झालं. फ्लोरीनं छत्री काढून ठेवली आणि मुद्दाम एका ताटात फरसाण मांडलं. कावळ्यांना विश्वास बसेना. जन्मात पहिल्यांदा या गच्चीवर त्यांना आमंत्रण होतं. ते आले, मी ओरडले, ते उडाले, पुन्हा आले. माईकला वारा लागू नये म्हणून करड्या केसांची एक टोपी घातलेली असते, थेट मांजराच्या पिल्लासारखी. ती बघायला उद्यानातलं एक दांडगं माकड कठड्यावर आलं. आम्ही सगळ्या कावळ्यांत गुंतलेल्या. माकडानं हात लांब केला, टोपी उपटली, छातीशी धरली आणि टाकीवर चढलं.

त्या वेळी मी जे ओरडले, ते मला लिहिता येणार नाही. त्यात आईची मालवणी होती, नवऱ्याच्या गावची रत्नागिरी बोली होती, मैदानातली वीस वर्षं होती आणि थोडा तो डॉक्टरही होता, ज्यानं माझ्याकडे न बघता पोरीकडे बघितलं. माकडानं टोपी टाकली. कावळे उडाले, कबुतरं उडाली, समोरच्या इमारतीतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. फ्लोरीनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. शर्वरी हेडफोन कानांपासून लांब धरून, वाकून, पोट धरून हसत होती. हसता हसता ती मिरच्यांच्या चादरीवर बसली आणि तिला उठवत नव्हतं.

“मिळाला?” मी विचारलं.

“मिळाला,” ती म्हणाली. “हा शेवटच्या लेव्हलला वापरायचा. हा सगळ्यांत मोठा बॉम्ब.”

तिथे काम संपायला हवं होतं. पण ती रोज माईक घेऊन वर यायला लागली. मी कुरडया उलटत असायची, ती म्हणायची, “आई, म्हण ना, ‘पाणी प्यायलीस का?’”

“कावळ्याला?”

“गेममध्ये लागतं. बाई गोळ्या भरताना आपली काहीबाही बोलते. म्हण.”

“पाणी प्यायलीस का?”

“असं नाही. रोज म्हणतेस तसं.”

मग ‘ऊन बघ किती आहे’. मग ‘जेवलीस का गं?’ मग ‘दार नीट लाव’, ‘पोचलीस की फोन कर’, ‘केस वाळव आधी’. मला वाटलं, गेमवाल्यांची काहीतरी पद्धत असेल. माझ्या डोक्यात ऑपरेशनची पिशवी भरायची होती, नवऱ्याला कुकर लावायला शिकवायचं होतं. मी म्हणत गेले. दार लाव. फोन कर. केस वाळव. कावळ्यांच्या लढाईत ओल्या केसांचं काय काम, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण नसेला अगदी वेढून बसली होती. डॉक्टरांनी आधी सांगितलं तेच झालं. त्यांना मी दोष देत नाही. शुद्ध आली तेव्हा नर्स माझी उशी चुकीची लावत होती. मी म्हटलं, “अशी नको.” आवाज आला नाही. वारा आला. सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा. नर्सला ऐकू गेलं नाही; तिनं उशी तशीच लावली आणि गेली. या एका गोष्टीची मी पूर्ण तयारी केली होती. मनाला सांगून ठेवलं होतं, स्वतःला दहा वेळा बजावलं होतं. तरीही मी छताकडे बघत राहिले. तयारी केलेला धक्कासुद्धा धक्काच असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे आवाज आला थोडा. कागद फाटल्यासारखा. त्यात बोलता येतं, भाजीवाल्याशी भांडता येतं, पण भाजीवाला जवळ असावा लागतो. जूनमध्ये मैदानात उभी राहिले. शिट्टी आणि हात. पहिल्या दिवशी मला एकच धास्ती. मुलं गोंधळ करतील, रांगा मोडतील. झालं उलटंच. मी हात वर केला आणि शाळेतला सगळ्यांत वात्रट वर्ग गप्प झाला, कारण बाई काय म्हणतात ते ऐकू येण्यासाठी गप्प व्हावंच लागत होतं. मला त्याचाही धक्काच बसला. थोडा रागही आला. इतकी वर्षं मग मी ओरडले कशाला?

गेम त्यानंतर आला. नाव ‘हाड्!’ फार काही गाजला नाही, पण चालला. शर्वरीची कंपनी तगली. लांबलांबची माणसं तो खेळतात म्हणे. कुठल्या तरी थंड देशात कोणीतरी सोफ्यावर बसून सोऱ्या फिरवतो आणि ‘शिरां पडो तुझ्या तोंडार’ ऐकतो, हा विचार मी करायला गेले तर डोकं गरगरतं. म्हणून करत नाही.

शाळेत एकदा रांगेतली एक मुलगी पुढे आली. दोन वेण्या, कायम बुटांशिवाय येणारी.

“बाई, गेममध्ये तुम्ही आहात ना?”

झालं. ज्या क्षणाची मी भीती धरली होती, तो हा. मी तिच्याकडे बघितलं. ती घाबरली, पण हटली नाही.

“माझा भाऊ म्हणतो नाहीत. त्यानं तुमचा आधीचा आवाज ऐकलाच नाही ना बाई. मी त्याला म्हटलं, आमच्या बाईच आहेत. मी तुमच्या आवाजात धावलेय.”

“उद्यापासून बूट,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि मग गेल्या दिवाळीतली गोष्ट. शर्वरी आता अंधेरीला भाड्याच्या घरात एकटी राहते, ऑफिस जवळ म्हणून. मी चकल्या घेऊन न सांगता गेले. दार तिनंच उघडलं आणि लगेच “गॅसवर दूध आहे” म्हणत आत पळाली. मी चप्पल काढत होते. तेवढ्यात हॉलमधून मीच म्हणाले, “दार नीट लाव.”

मी एका पायावर उभी राहिले. हॉलमध्ये कोणी नव्हतं. टीव्हीवर आमची गच्ची होती, रिकामी. लढाई थांबलेली. कावळे नव्हते, कबुतरं नव्हती. खेळणारा खेळ तसाच सोडून गेला की पडद्यातली बाई तशीच उभी राहते. तिचे हात, म्हणजे माझे हात, सोऱ्या पुसत असतात. घड्याळ आतल्या बाजूला. थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली. भरल्या, ठणठणीत आवाजात, मैदानाच्या त्या टोकाला पोचेल अशा.

“जेवलीस का गं?”

“हो, हो,” स्वयंपाकघरातून शर्वरी म्हणाली. सवयीनं. मला म्हणाली नाही, टीव्हीला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण आत दूध उतू गेलं.

मी आत गेले. ओटा पुसायला घेतला.

“हे सारखं चालू असतं?” मी माझ्या कागदी आवाजात विचारलं.

“असंच. बॅकग्राउंडला.”

“वीज जळते.”

“जळू दे ना, आई.”

आम्ही दोघींनी ओटा पुसला.

यंदा गच्चीवर राखणीचा प्रश्न आला. शिट्टीला कावळे भीत नाहीत. दोन वर्षं नव्या बिऱ्हाडातल्या एका सुनेनं राखण केली. आवाज चांगला होता, पण ती आता मुलुंडला राहायला गेली. नियमाप्रमाणे पापड यंदाही मला स्वतःच लाटावे लागले असते. मी विचार केला. मग मोबाइलवर तो गेम घातला, ब्लूटूथचा छोटा स्पीकर छत्रीच्या काडीला बांधला आणि स्टूल घेऊन बसले.

पण एक अडचण आहे. माझं ओरडणं आपोआप येत नाही. पडद्यावरच्या कावळ्यावर गोळी झाडली तरच बाई ओरडते. म्हणजे खरे कावळे हाकलायचे तर मला खोटे कावळे मारावे लागतात. मी टोपी घातली, वाचायचा चष्मा लावला आणि खेळायला शिकले. माझ्या हातांत मोबाइल, मोबाइलमध्ये माझे हात, त्या हातांत सोऱ्या. दोन्हीकडे करंगळी वाकडी. “हाड् रे मेल्या!” छत्री गरजते आणि तिच्यावर बसलेला कावळा इतका दचकतो की उडायच्या आधी पडतो. पापड मला पुन्हा आयते मिळतायत.

“कितव्या लेव्हलला आलीस गो?” फ्लोरी विचारते.

“माकडाच्या.”

“मग मार ना तो बॉम्ब.”

“थांब. खरं माकड येऊ दे.”

काल दुपारी मी खेळून दमले. चष्मा घामानं भरला. मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि उठून कुरडया उलटायला लागले. खालची बाजू अजून ओली होती. ऊन डोक्यावर आलं होतं, गच्ची पांढरी झाली होती, कावळे कुठेतरी सावलीला गेले होते. मी वाकलेलीच होते. आणि मागून, वरून, छत्रीतून कोणीतरी मला म्हणालं,

“पाणी प्यायलीस का? ऊन बघ किती आहे.”

मी वाकलेली सरळ झाले. फ्लोरीच्या हातातली मिरची हातातच राहिली. इतक्या मोठ्यांदा, इतक्या हक्कानं मला पाणी प्यायला सांगणारं माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आईनंतर कोणी नाही. आवाज माझा होता, आणि तरी तिचाच वाटला.

सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे खरंच होतं.

“बघतेस काय,” फ्लोरी म्हणाली, “पी ना.”

बाटली कठड्याच्या सावलीत होती. मी प्यायले. मग पुढची कुरडई उलटली.